डावी साखळी

डाव्या साखळीला काही झालेलं नाही, ती बदलायची गरज नाही, असं सायकलवाल्या बाई म्हणाल्या तेव्हा त्याला आधी बरंच वाटलं. चला, तेवढंच एक काम वाचलं. दोघांनी पुढेमागे बसून चालवायची ती जोडसायकल सोमवारी दुसऱ्याच्या घरी जायची होती. देताना वस्तू नीट करून द्यावी, मागाहून कुणाला नावं ठेवायला जागा नको, म्हणून त्याने ती सकाळीच दुकानात आणून टाकली होती आणि पार खोलून साफ करा म्हणून सांगितलं होतं. आता शनिवारची संध्याकाळ होती. दुकानात रबराचा आणि रॉकेलचा वास होता. बाईंनी दोन्ही साखळ्या धुऊन जुन्या वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ताणून ठेवल्या होत्या आणि त्या नाकावर घसरलेल्या चष्म्यातून त्यांच्याकडे बघत होत्या. "नऊ वर्षं म्हणालात ना?" त्यांनी विचारलं. "ही उजवी, चाकाकडे जाते ती. मीच चारदा बदललीय. ही चौथीसुद्धा ताणली, बघा. आणि ही डावी, पुढच्या पॅडलपासून मागच्या पॅडलला जाते ती. कंपनीतून आली तशी आहे. चकतीच्या दातांचा काळा रंगसुद्धा अजून पुरता गेला नाही." तो म्हणाला, "मग डावी चांगल्या पोलादाची असेल." बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "पोलाद एकच आहे हो दोन्हींचं. डावीवरून फक्त पुढच्याचा जोर मागे येतो. उजवीवरून दोघांचा मिळून चाकाला जातो. पुढे कोण बसतं?" जिभेला आवर घालायच्या आत तो "मी" म्हणून गेला. "बरं," बाई म्हणाल्या, आणि चिंधीने एकेक बोट पुसायला लागल्या. मग बोलायला काहीतरी हवं म्हणून, मनात काही न ठेवता, त्या म्हणाल्या, "पाय नुसते ठेवून दिले ना, तर त्या पायांचं वजनही मागच्यालाच फिरवावं लागतं. मागे कोण, मुलगा असतो का?" "बायको," तो म्हणाला. "मग त्यांच्या पायांना मानलं पाहिजे," बाई म्हणाल्या आणि साखळी चढवायला वळल्या.

दुसरा कुणी असता तर त्याने वाद घातला असता. बाईंना काय कळतंय, रस्ता कसा, तेल कुठलं, काय न् काय. पण त्याला वाद घालायची सोय नव्हती, कारण तो लिफ्टचा तपासनीस होता. सव्वीस वर्षं तो उंच इमारतींच्या माथ्यावरच्या कोंदट खोल्यांत शिरून पोलादी दोर आणि चाकांच्या खाचा तपासत आला होता. कुठली खाच किती खोल गेलीय, दोराची कुठली बाजू चकाकते आहे, यावरून तो भार कुठे पडतो ते सांगायचा. इमारतीचे मालक शपथा घ्यायचे, की साहेब, आम्ही सहाच्या वर माणूस घेत नाही, आणि हा खाचेत बोट फिरवून म्हणायचा, आठ. नव्याने लागलेल्या तपासनिसांना तो पहिल्याच दिवशी सांगायचा की माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलतो, झीज कधी खोटं बोलत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ते हेच. बाईंनी बोलायच्याही आधी, वर्तमानपत्रावरच्या त्या दोन साखळ्यांवर नजर पडताक्षणीच, त्याच्यातल्या तपासनिसाने अहवाल लिहून सहीसुद्धा केली होती. पोलादाची गोष्ट त्याने उगाच काढली होती.

सायकलवर बसून घरी जाणं त्याला जमलं नाही. तो ती हाताने ढकलत निघाला. जोडसायकल हाताने न्यायची म्हणजे कटकट असते. ती लांब, कोपऱ्यावर वळता वळत नाही, मागचं पॅडल पोटरीवर आपटतं. नाक्यावरचा फुलवाला त्याला वर्षानुवर्षं ओळखत होता. तो हाक मारून म्हणाला, "काय साहेब, आज मागची सवारी कुठे?" त्याला हसणं भाग पडलं. सवारी हा शब्द फुलवाल्याचा नव्हताच. तो ह्याचाच होता, ह्यानेच ह्याच नाक्यावर कधीतरी बोलून ठेवलेला. सायकल घेतली त्या वर्षापासून त्याचा एक ठरलेला विनोद होता. रविवारच्या सायकल मंडळात कुणी नवा माणूस आला आणि दोघांच्या सायकलीचं कौतुक करायला लागला, की हा एक हात कमरेवर ठेवून म्हणायचा, "मी सारथी, ही सवारी. मी रस्ता बघतो, ही निसर्ग बघते." मग थोडं थांबायचा. मग म्हणायचा, "आणि दमते कोण? तर हीच!" सगळे हसायचे. तीही हसायची, कपाळावरचा घाम रुमालाने टिपत. तो घाम नऊ वर्षं त्याच्या डोळ्यांसमोर होता. लिफ्टच्या खोलीतला तेलाचा थेंब त्याच्या नजरेतून कधी सुटला नव्हता.

मंडळाचं नाव निवांत मंडळ. ते दातांच्या डॉक्टरांनी काढलं होतं, आणि सोमवारी सायकल न्यायला येणार होते ते तेच. मंडळाचा नियम एकच होता, आणि तो डॉक्टरांनी मोठ्या हौसेने केला होता: जो सगळ्यांत हळू, त्याने सगळ्यांच्या पुढे राहायचं, आणि त्याला ओलांडून कुणीही जायचं नाही. कुणाला घाई असेल त्याने आपली घाई घेऊन दुसरीकडे जावं. आणि जोडसायकल सगळ्यांत हळू जायची, त्यामुळे नऊ वर्षं तो सगळ्यांच्या पुढे होता. मागे पंधरा-वीस सायकली, त्यांच्या घंटांची किणकिण, आणि पुढे हा, पाठ ताठ, वारा अंगावर घेत, मिरवणुकीचा म्होरक्या असावा तसा. त्याला ते मनापासून आवडायचं. आणि खरं सांगायचं तर त्या हळू जाण्यातून त्याला पुष्कळ मिळालंही होतं, ते खोटं नव्हतं. कामावर आठवडाभर वरखाली, वरखाली करणाऱ्या माणसाला सपाट रस्त्याचं सुख काय असतं ते सांगून कळायचं नाही. कालव्याकाठच्या रस्त्यावर बेकरीच्या मागच्या दारातून येणारा उबदार वास, लाकडाच्या वखारीपाशी ओल्या भुशाचा, मग धोबीघाटावर साबणाचा; गाडीतून जाणाऱ्याला ह्यातला एकही मिळत नाही आणि चालणाऱ्याला एका वेळी एकच मिळतो. कुंपणापलीकडे डोकावता येतं. कुणाच्या अंगणात खुर्ची उलटी पडली आहे, कुणी खिडकीत उभं राहून केस विंचरतं आहे, एक म्हातारा रोज त्याच वाळलेल्या झाडाला पाणी घालतो आहे, हे सगळं दिसतं आणि दिसून मागे पडतं. सायकल पोचण्यासाठी नसते, रेंगाळण्यासाठी असते, असं तो म्हणायचा. वेग कमी केला की जग वाढतं, असंही म्हणायचा. डॉक्टरांनी ते वाक्य मंडळाच्या फलकावर लिहून घेतलं होतं. आता ढकलता ढकलता त्याला वाटलं, वाढलेलं ते सगळं जग कुणाच्या पायांवर बघितलं आपण? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो निदान बीळ आपण खणलं असं तरी सांगत फिरत नाही.

आणि ठाऊक नव्हतं म्हणावं, तर तेही खरं नव्हतं. घराच्या अलीकडच्या वळणावर तो थांबला, कारण ती आठवण आली म्हणजे त्याला नेहमीच काहीतरी दुसरं करावंसं वाटायचं, चष्मा पुसावा, खिसे चाचपावेत, आणि आज दोन्ही हात सायकलीत अडकले होते. दुसरं वर्ष होतं. कालव्यावरच्या पुलाचा चढ. त्या दिवशी त्याच्या उजव्या मांडीत किंचित चमक भरली होती म्हणून त्याने पाय सैल सोडले. सायकल थोडी अडखळली, क्षणभर मागे आल्यासारखी वाटली, आणि मग पुन्हा चालायला लागली. त्याचे पाय आपोआप गोल फिरत होते, लहान मुलाला मांडीवर घेऊन कुणी त्याचे हात टाळ्यांसाठी हलवावेत तसे. मागून श्वास ऐकू येत होता. आधी नाकाने, मग तोंडाने. तिला वाटलं असेल, चढ आहे, जड जाणारच. पुलाच्या माथ्यावर पोचेपर्यंत त्याची चमक केव्हाच गेली होती, पण त्याने पाय पुन्हा लावले नाहीत. खाली कालवा दिसत होता, पाण्यावर ऊन होतं, आणि इतक्या सुखाने तो त्या चढावरून कधीच आला नव्हता. पुढच्या रविवारी त्याने पायथ्याशी थोडा जोर लावला आणि मध्यावर सोडला. त्याच्या पुढच्या रविवारी पायथ्याशीही नाही. ठरवून केलं असं नाही. ठरवायची वेळ येऊच दिली नाही, इतकंच. पुढे त्याचा स्वतःचाही समज झाला की आपण चालवतो आहोत. हँडल हातात होतं, ब्रेक हातात होता, घंटा वाजवायची ती आपणच, मग चालवणं ते आणखी काय असतं? माणूस दुसऱ्याला फसवतो ते एका वेळी एकदा. स्वतःला फसवायचं म्हणजे रोजचा रतीब घालावा लागतो, आणि तो त्याने न चुकता घातला होता.

घरात ती टेबलापाशी बसली होती, समोर एक कागद. "बरं झालं आलास," ती म्हणाली, "जरा भाषा बघून दे. तुला अहवालांची सवय." ती रोपवाटिकेत होती, बावीस वर्षं. टेकडीच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी वाफे होते आणि सगळ्यांत वरचे, नाजूक रोपांचे, तिच्याकडे होते. शहाऐंशी पायऱ्या. मातीने भरलेले ट्रे घेऊन दिवसातून दहा-बारा वेळा ती चढायची उतरायची, आणि घरी आल्यावर तिच्या नखांत माती आणि तोंडात एखाद्या रोपाची तक्रार असायची, जणू शाळेतून कुणाचं कार्टं ऐकत नाही म्हणून सांगते आहे. महिन्यापूर्वी तिने सायकलीला नको म्हटलं, आणि त्याच आठवड्यात रोपवाटिकेच्या नव्या प्रमुखांनाही सांगून टाकलं की वरचं काम आता झेपणार नाही. ते म्हणाले, मग फाटकापाशी बसा, येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवा. फाटकापाशी बसायचं तर घरीच बसते, असं ती त्याला म्हणाली होती, आणि तो म्हणाला होता, "जसं तुला बरं वाटेल तसं कर." फार समजूतदारपणे म्हणाला होता. आता त्याने कागद हातात घेतला. 'गेली काही वर्षे माझ्या पायांत पूर्वीसारखा जोर राहिलेला नाही. साधी सायकल मागे बसून चालवतानाही मला दम लागतो. अशा अवस्थेत रोपांची जबाबदारी घेणे योग्य होणार नाही.' खाली सोमवारची तारीख. त्याने पेन मागितलं आणि 'दम लागतो'च्या जागी 'थकवा येतो' असं केलं.

ते केल्यावर त्याला त्या पेनाचीच शिसारी आली. ती मात्र म्हणाली, "हां, हे बरं वाटतं," आणि आत गेली. ओट्याला धरून ती टाचा उचलायला लागली. हे रोजचं होतं. गेली तीन-चार वर्षं, सकाळी आणि संध्याकाळी, ओट्याला धरून तीस वेळा टाचा वर, तीस वेळा खाली. मोठ्या दवाखान्यातही जाऊन आली होती. रक्त तपासून झालं, हृदयाचा आलेख काढून झाला, सगळं ठणठणीत निघालं, आणि तिथले डॉक्टर वयाबद्दल दोन शब्द बोलून मोकळे झाले. ह्याने सुरुवातीला चिडवलं होतं, "कसली तालीम चाललीय? आखाडा लावतेस की काय?" तेव्हा ती न थांबता, आकडे न चुकवता, बावीस आणि तेवीसच्या मधे म्हणाली होती, "निदान तुझ्यावर ओझं नको व्हायला. सगळा भार तूच ओढतोस." त्यावर तो काय म्हणाला होता? तो म्हणाला होता, "चल, काहीतरीच." किती प्रेमळ वाटलं असेल तिला ते. दाराशी उभं राहून तो तिच्या पोटऱ्यांकडे बघत राहिला. त्या दगडासारख्या घट्ट होत्या, टाच उचलली की मधोमध खळगा पडायचा. त्याच्या स्वतःच्या पोटऱ्या दुधाच्या पिशवीसारख्या लोंबत होत्या. हे असले पाय घेऊन ही बाई आपल्या पायांत जोर नाही असं लिहून देते, कारण कुणीतरी तिला हसत हसत, चारचौघांत, दर रविवारी तसं सांगितलं. स्वतःच्या पायांपेक्षा तिने त्याच्या विनोदावर जास्त विश्वास ठेवला होता. आमच्याकडे सगळं निम्मं-निम्मं असतं, असं तो लोकांना सांगायचा. भांडी तो घासायचा, कपडे ती वाळत घालायची. आपण चांगला नवरा आहोत याबद्दल त्याला कधी शंका आली नव्हती. त्या क्षणी त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं काही झालं नाही. त्याला फक्त तिथून निघून जावंसं वाटलं, आणि जाण्यासारखी जागा नव्हती.

सांगून टाकावं असं त्याला जेवताना वाटलं आणि भांडी घासतानाही वाटलं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली की त्यात काय आहे ते दोघांनाही बघावं लागणार. त्यापेक्षा त्याला एक युक्ती सुचली. उद्या शेवटचं म्हणून दोघांनी एक फेरी मारायची, मंडळाबरोबर नाही, आपण दोघंच, आणि त्याने जोर लावायचा. सगळा. तिला हलकं वाटेल, पायांवरचा विश्वास परत येईल, पत्र ती आपणच मागे घेईल, आणि कुणी काही बोलायची वेळच येणार नाही. म्हणजे चोरीचा माल रात्रीच्या अंधारात नेऊन गुपचूप जागेवर ठेवायचा आणि वर साव म्हणून झोपायचं. आपली ही युक्ती आपल्याला आवडते आहे, हे जाणवूनही त्याला ती आवडतच राहिली.

सकाळी ती नको नको म्हणत तयार झाली. "परत येताना तुलाच एकट्याला ओढायला लागेल हं," ती मागे बसत म्हणाली. कालव्याकाठचा रस्ता रिकामा होता. सपाटीवर त्याने हळूच जोर लावून पाहिला, आणि मांड्यांनी तक्रार केली, वर्षानुवर्षं कुणी उठवलं नाही म्हणून निजून राहिलेल्यासारखी. पुलाचा चढ आला. त्याने दात आवळले आणि पाय दाबले. मागून लगेच तिचा ओरडा आला, "थांब थांब थांब! चेन उतरली!" त्याने ब्रेक लावला. "काय झालं?" "काहीतरी तुटलंय. पायाला काही लागतच नाहीये माझ्या. हवेत फिरवल्यासारखे फिरतायत." ती उतरली, वाकून उजवी साखळी बघितली, डावी बघितली, बोटाला तेल लागलं ते गवताला पुसलं. दोन्ही साखळ्या जागेवर होत्या. ती बुचकळ्यात पडून त्याच्याकडे बघत होती, आणि आता बोलायला ह्याहून चांगली वेळ कुठली असणार? तो म्हणाला, "तेलपाणी नीट झालंय ना, म्हणून."

"इतकं?" ती म्हणाली. "त्या बाईंच्या हातात जादूच आहे मग. आधीच न्यायला हवी होती की रे!" ती पुन्हा बसली आणि ते निघाले. त्याच्या छातीत भाता चालला होता, कानशिलं तापली होती. आणि ती मागे बोलत होती. चढावर ती बोलते आहे ही गोष्ट त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. नऊ वर्षांत पुलाच्या चढावर ती कधी बोललीच नव्हती. ती देखावा बघण्यात गुंग असते असं तो धरून चालला होता. "अय्या, तिथे खाली घर आहे की! हिरव्या दाराचं. आणि केवढा मोठा पार बांधलाय झाडाला. हे कधी झालं?" तो धापा टाकत म्हणाला, "पहिल्यापासून आहे." "काहीतरीच. मग मला कसं दिसलं नाही?" ती खरंच विचारत होती. तिला ते दिसलं नव्हतं, कारण चढावर तिची मान खाली असायची. ज्या निसर्गाचा त्याने नऊ वर्षं विनोद केला, तो तिने पाहिलाच नव्हता; तिने पाहिली होती ती त्याच्या सदऱ्याची पाठ आणि खाली सरकणारा रस्ता.

माथ्यावर पोचल्यावर त्याने सायकल कठड्याशी थांबवली. ती कठड्यावरून वाकून हिरव्या दाराचं घर बघत राहिली, आणि मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "असो. सायकल हलकी झाली म्हणून पाय थोडेच नवे होतात. उद्या पत्र देऊन टाकते." त्याची युक्ती अशी चार शब्दांत निकालात निघाली. तो कठड्याला धरून उभा होता. दगड गार होता.

"बाईंनी काही केलेलं नाही," तो म्हणाला. "आज मी पाय मारतोय."

"मारतोसच की नेहमी."

"नाही."

ती वळली नाही. खाली पाण्यात काहीतरी वाहत चाललं होतं, ते पुलाखाली जाईपर्यंत तिने पाहिलं. मग विचारलं, "धरणाला गेलो होतो तेव्हा? परत येताना वारा समोरून होता. मला उलटी झाली होती."

"तेव्हाही नाही."

"मी तापातून उठले आणि तू म्हणालास, चल, मोकळ्या हवेत बरं वाटेल?"

"नाही."

"रक्त तपासायला गेले तेव्हा तू बाहेर बाकावर बसला होतास." मग तिने मान वळवली आणि पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"काल बाई म्हणाल्या की डावी साखळी—"

"बाई काय म्हणाल्या ते नाही विचारलं."

कालच कळलं, एवढं म्हणायला दोन शब्द पुरले असते, आणि ते दोन शब्द त्याच्या ओठांवर येऊन बसले होते. "ठाऊक होतं," तो म्हणाला. "दुसऱ्या वर्षापासून."

ती रडेल असं त्याला वाटलं. रडली असती तर त्याला काहीतरी करता आलं असतं. तिने आपल्या पायांकडे पाहिलं. एक टाच उचलली, टेकवली. दुसरी उचलली, टेकवली. कुणाची तरी माफी मागावी तशी ती आपल्या पायांकडे बघत होती. मग ती सायकलीपाशी आली. "बाजूला हो," ती म्हणाली. पुढच्या सीटचा खटका सैल करून तिने ती आपल्या मापाने खाली दाबली आणि खटका पुन्हा आवळला. "अगं, एकटीला नाही जमणार, लांब आहे ती, वळताना—" ती बसली, निघाली, दोन हात पुढे जाऊन डगमगली, पाय टेकला. तो धावला आणि त्याने मागची सीट धरली.

"हात काढ," ती म्हणाली.

त्याने हात काढला.

"पत्र टेबलावर आहे. ते फाड. आणि डॉक्टरांना कळव, सायकल द्यायची नाही म्हणून. मला यायला वेळ लागेल."

ह्या खेपेला ती डगमगली नाही. पूल संपल्यावर डावीकडे घराचा रस्ता होता, आणि समोर टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ, पुलाच्या तिप्पट उभा. तिथे ते कधीच गेले नव्हते. तुला झेपणार नाही, असं तो म्हणायचा. ती समोर गेली. मागची सीट रिकामी होती आणि दोन रिकामी पॅडलं तिच्या मागून आपोआप फिरत होती. फिरायला येऊन कठड्यापाशी थांबलेल्या दोघातिघांनी आधी तिच्याकडे आणि मग ह्याच्याकडे पाहिलं. तो पुलावर मधोमध उभा होता. एक तृतीयांश चढ सरला, सायकल हळू झाली, आणखी हळू झाली, जवळपास थांबली. आता उतरेल, तो मनात म्हणाला. आता पाय टेकेल, इतका चढ कुणालाही जात नाही, उतर, उतर आता. तो डोळे बारीक करून, मुठी आवळून वाट बघत होता, आणि आपण काय मागतो आहोत ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्याने मान खाली घातली. पुन्हा वर पाहिलं तेव्हा ती टाकीच्या वळणावर होती, सीटवरून उठून, दोन्ही पायांवर उभी राहून चालवत, आणि मग ती वळणामागे गेली.